सोनावणेबाईंना हसवू नका

आमच्याकडे आलेला पाहुणा फार वेळ टिकत नाही. चहा चांगला असतो, बायको बोलकी आहे, दोष सगळा माझा. समोर माणूस बसला की माझे हात शिवशिवायला लागतात. "जरा खिडकीकडे सरका... एवढं नको. हनुवटी किंचित खाली. हां, आता बोला." आपण श्रीखंड खायला आलोय की एक्स-रे काढायला, हे पाहुण्याला कळेनासं होतं. बायको आतून ओरडते, "अहो, बसू द्या की त्यांना नीट!" मी बसू देतो. पण मग मलाच बसवत नाही. नाकाची सावली थेट ओठावर पडलेली मला दिसत असते, आणि त्या माणसाला तिचं काहीही वाटत नसतं.

नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. हल्ली लोक विचारतात, "अजून आहे?" आहे. मी धायरीहून रोज जातो. सिंहगड रस्त्यावर बस अडकली की बाकीचे मोबाइल बघतात, मी बाकीच्यांना बघतो. एकदा एका गृहस्थांनी तिरसटपणे विचारलं, "काय बघताय?" मी म्हटलं, "तुमचा डावा कान. उजव्यापेक्षा खाली आहे." ते पुढच्याच थांब्यावर उतरले. त्यांचा थांबा तो नसावा.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "काका, गमतीशीर गिऱ्हाइकांवर लिहा. दिवाळी आहे, हलकंफुलकं असू द्या." लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, काही महिन्यांपासून एक बाई माझ्या डोक्यातून जात नाहीयेत. त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत माझं चित्त थाऱ्यावर राहणार नाही, तेव्हा मधली गंमत जरा भरभर होईल.

पोर्ट्रेट म्हणजे एक माणूस, एक दिवा आणि भरपूर धीर. दिवा कुठे ठेवायचा ते कोणालाही शिकवता येतं. धीर माझ्यात मुळातच कमी, म्हणून मी एक युक्ती काढली. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ते श्वास रोखतं, मान ताठ करतं आणि स्वतःच्या बापासारखं दिसायला लागतं. अशा वेळी मी दोनचार फोटो उगाच काढतो आणि म्हणतो, "झालं." तो माणूस "हुश्श" करतो, खांदे पाडतो, बायकोकडे बघतो. तेव्हा मी खरा फोटो काढतो. माझे सगळे चांगले फोटो "झालं" म्हटल्यानंतरचे आहेत. "हसा" मात्र मी कोणाला म्हणत नाही. हसा म्हटलं की माणूस दात दाखवतो, आणि दात बघायला दंतवैद्य आहेत.

स्टुडिओत खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असतो. सदाशिव पेठेत खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं फॉर्मसाठी फोटो काढायला येतात, त्यांच्यासाठी. कोट पाठीवर पूर्ण उसवलेला आहे, त्यामुळे जाड्या मुलालाही होतो आणि काडीपैलवानाला मागून चिमटे लावून बसवता येतो. समोरून साहेब, मागून वाळत घातलेलं धुणं. त्यातला एक पास झाल्यावर पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "काका, कोटालापण द्या." मी कोटाच्या खिशात पेढा ठेवला. आठवडाभर मुंग्या निघत होत्या.

आता दारावरच्या पाटीबद्दल. "फोटो तुमच्यासारखाच येईल. तक्रार आरशाकडे करावी." ही पाटी मी तरुणपणीच्या मस्तीत लिहिली. लोक तिच्याशेजारी उभं राहून सेल्फी काढतात आणि वर न येताच जातात. पाटी विनोदाची आहे हे मलाही माहीत आणि गिऱ्हाइकांनाही. कारण वर येऊन बसल्यावर प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच असतं, "जरा उजळ करा."

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. फिल्मच्या काळात आम्ही निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं हलकेच घासायचो. जिथे पेन्सिल फिरली तिथे छापताना चेहरा उजळ यायचा. नाकाशेजारची सावली, डोळ्याखालची वर्तुळं, देवीचे व्रण, सगळं त्या पेन्सिलीखाली जायचं. आता संगणकावर एक खुंटी सरकवायची. मुलीला स्थळ बघायचं म्हणून बाप तिला घेऊन यायचा, तिला बाहेर बसवायचा आणि आत येऊन हळूच म्हणायचा, "गव्हाळ वाटली पाहिजे." या गव्हाळ शब्दाचा मला वीट आलाय. स्थळांच्या जाहिराती वाचल्या तर महाराष्ट्रात माणसं जन्मत नाहीत, पेरली जातात असं वाटेल. आणि हल्लीचे फोन तर विचारतही नाहीत. फोटो काढतानाच परस्पर उजळ करून मोकळे होतात.

तर अशा माझ्या दुकानात एका दुपारी सोनावणेबाई आल्या. उंच, सडसडीत, चांगल्या काळ्यासावळ्या, अंगावर पांढरी सुती साडी, हातात छत्री. जिना चढून आल्यामुळे दम लागला होता, पण बसल्या नाहीत. छत्रीनं दाराकडे बोट केलं.

"पाटी तुमची?"

"हो."

"खरी आहे, का नुसतीच पुणेरी?"

गिऱ्हाइकाचं तोंड बंद करण्यात माझी निम्मी हयात गेली आहे. त्या दिवशी उलटं झालं. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तशी."

"मग खरी धरते. मला हाराचा फोटो काढायचाय."

हाराचा फोटो म्हणजे माणूस गेल्यावर ज्याला हार घालतात तो. बहुतेक वेळा तो घाईघाईत शोधला जातो. कुठल्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून आजोबांचं मुंडकं कापून आणतात, शेजारच्याचा खांदा पुसायला सांगतात. मी विचारलं, "कोणाचा?"

"माझा. दुसऱ्याच्या फोटोसाठी मी कशाला जिने चढू?"

त्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. परगावी फोन करायचा तर तो आधी एक्स्चेंजला सांगून जोडून घ्यावा लागे, त्या काळात त्या ऑपरेटर म्हणून लागल्या आणि पुढे ऑपरेटर मुलींच्या सुपरवायझर झाल्या. "माझी सगळी नोकरी कानात गेली," त्या म्हणाल्या. "अख्ख्या पुण्यानं माझा आवाज ऐकलाय, तोंड कोणी बघितलं नाही. आता मागं तोंडच राहणार, आवाज नाही. ते तरी माझं असू द्या. हसवायचं नाही. उजळ करायचं नाही. डोळ्याखालचं काढायचं नाही."

"मग मी करायचं काय?"

"फोटो काढा."

मी तापलो होतो, आणि आनंदलोही होतो. पांढरी साडी आणि काळा चेहरा हा फोटोग्राफरचा जुना वैरी. चेहरा नीट आणावा तर साडीचा नुसता पांढरा फटक होतो, साडीच्या चुण्या आणाव्यात तर चेहरा अंधारात जातो. आम्ही सोपी वाट धरतो, चेहरा उजळून टाकतो. इथे ती वाट बंद होती. मी दिवा बाजूला घेतला, खाली घेतला, साडीवर पडणारा उजेड पुठ्ठ्यानं अडवला, परत सगळं बदललं. बाई शांत बसून माझी धावपळ बघत होत्या. मग मी नेहमीची युक्ती केली. दोनचार फोटो काढून कॅमेरा खाली केला, बोट मात्र बटणावर ठेवलं आणि म्हटलं, "झालं."

बाईंचे खांदे हललेसुद्धा नाहीत. "काय झालं? तुम्ही मनासारखं काढलेलं नाही अजून. कसे चाचपडत दाबताय, आवाजावरनं कळतंय."

कानाचं माणूस! माझी कमाईची एकमेव युक्ती त्यांनी बसल्या जागी मोडीत काढली. मी हसायला लागलो, त्या नाही हसल्या. शेवटी मी विचारलं, "एक्स्चेंजमध्ये मुली तुम्हाला घाबरायच्या?"

"घाबरायच्या कशाला? मी कधी ओरडले नाही. रांगेत बसलेल्या असायच्या, लाइनी जोडता जोडता गप्पा चालायच्या. मी मागं जाऊन नुसती उभी राहायची. एकीला कळायचं, ती दुसरीला म्हणायची, बाई बघतायत. की सगळं शांत."

"उभं कसं राहायचात? दाखवा बरं."

त्या उठल्या नाहीत. नुसती मान किंचित वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, लपवलेली मायाही नव्हती, आणि बोलायची गरजही नव्हती. मी बटण दाबलं आणि नकळत पाय जुळवून उभा राहिलो.

"आता झालं," बाईच म्हणाल्या.

दोन दिवसांनी प्रिंट बघायला आल्या. प्रिंट टेबलावर ठेवली तर चेहरा बघण्याआधी त्यांनी आपला हात पालथा करून तिच्याशेजारी ठेवला. हाताचा रंग आणि गालाचा रंग ताडून पाहिला. मग चेहऱ्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ. आणि मग खुर्चीवर बसून त्यांनी मला त्यांच्या लग्नाआधीची गोष्ट सांगितली.

त्यांच्या वडिलांनी स्थळाला पाठवायला फोटो काढून घेतला होता. कुठल्याशा फोटोग्राफरनं पेन्सिल चालवून चालवून त्यांना चांदणी करून टाकलं. फोटो पसंत पडला, मंडळी बघायला आली. बाई चहा घेऊन बाहेर गेल्या. मुलाच्या आत्यानं कप घेतला, यांच्या खांद्यावरून आत बघितलं आणि सहज विचारलं, "मुलगी कुठंय?"

"वाईट मनानं नाही विचारलं हो तिनं," बाई म्हणाल्या. "तिला खरंच वाटलं, मी दुसरीच कोणीतरी आहे. पुढच्या स्थळाला मी फोटो पाठवूच दिला नाही. म्हटलं, मलाच बघा. त्यांनी बघितलं, झालं लग्न." मग छत्री उचलून म्हणाल्या, "हे मी मुलालाही सांगितलेलं नाही. फोटो तुमच्याकडे राहू द्या. मी गेल्यावर सिद्धार्थ येईल, मी तसं सांगून ठेवीन. तेव्हा हाच द्यायचा. पाटी तुमची आहे."

सिद्धार्थ या वर्षी आला. आयटीतला मुलगा, आईसारखाच उंच, आईच्याच रंगाचा. रात्ररात्र हॉस्पिटलात काढल्याचं तोंडावर दिसत होतं. "काका, आई गेली. फोटो तुमच्याकडूनच घे म्हणून तिनं सांगितलं होतं. रविवारी पुण्यानुमोदन आहे, धायरीला हॉल घेतलाय. एवढा प्रिंट करून फ्रेम करून द्या." आणि त्यानं मोबाइल पुढे केला.

मोबाइलवर एक बाई होत्या. गोऱ्या, गुटगुटीत गालांच्या, कानात मोती, आणि चक्क खळी पाडून हसत होत्या. त्याच्या कोणा मित्रानं आईच्या जुन्या फोटोवरून एआयकडून करून घेतलं होतं. फार सुबक काम होतं. फक्त त्यात सोनावणेबाई नव्हत्या.

मी कपाटातली प्रिंट काढून टेबलावर ठेवली. त्यानं पाहिली आणि त्याचे डोळे एकदम भरले. मला वाटलं, जिंकलो. पण तो म्हणाला, "नको काका. ही ऑफिसातली आई आहे. ऑफिसचे लोक येणार, सोसायटीतले येणार, ही बघून लोक दोन पावलं मागं सरतील. आणि शेवटी शेवटी ती इतकी... मला हसणारी हवीय हो. मी तिला वर्षभर हसताना बघितलं नाही."

"तुमच्या आईनं हा फोटो स्वतः पसंत केलाय. हात शेजारी ठेवून रंग ताडून बघितला होता. तुम्हीही ठेवा."

"काका, प्लीज, रंगाचं काय मधेच? थोडं फ्रेश दिसावं एवढंच आहे."

इथे मी त्याला आत्याबाईंची गोष्ट सांगायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. माझ्या ओठांवर आली होती. पण बाईंनी जे पोटच्या मुलाला सांगितलं नव्हतं, ते मी दुकानात उभा राहून कसं सांगू? मी आपलं पुण्यातल्या दुकानदाराला जे येतं ते केलं. "हा फोटो इथे होणार नाही," म्हणालो. त्यानं प्रिंटकडे एकदा पाहिलं, मोबाइल खिशात टाकला आणि जिना उतरून गेला. एवढ्याशा कामाला पेठेत दुकानं कमी नाहीत.

मग सुरू झाली माझी तगमग. जेवायला बसलो की उठायचो. बायको म्हणाली, "त्यांची आई, त्यांचा फोटो. तुम्हाला का एवढं?" बरोबर होतं तिचं. मेलेल्या माणसाचा फोटो जिवंतांसाठी असतो, हे मीच आजवर सगळ्यांना सांगत आलो. तो मुलगा काही वाईट नव्हता. त्याला आई हसायला हवी होती, यात वावगं ते काय? पण डोळे मिटले की त्या माझ्याकडे मान वळवून बघायच्या आणि मी बिछान्यावर उठून बसायचो. शेवटी शनिवारी मी ती प्रिंट फ्रेम करून घेतली. तिचं पुढे काय करायचं ते ठरलं नव्हतं. रविवारी फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बोलावणं नसताना त्या हॉलवर जाऊन मागच्या खुर्चीत बसलो.

हॉल दोन मजली. खाली बाईंचा कार्यक्रम, वर कोणाचं तरी बारसं. पुढे टेबलावर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, आणि बाजूला हार घातलेल्या त्या खळीवाल्या गोऱ्या बाई. माणसं पांढरे कपडे घालून येत होती, फुलं वाहून बसत होती. वंदना अजून सुरू व्हायची होती. मी दिव्यांची जागा बघत होतो, ट्यूबलाइट फोटोच्या काचेत चमकत होती, आणि मांडीवरची फ्रेम मला जड झाली होती.

तेवढ्यात दारात तीन म्हाताऱ्या येऊन थांबल्या. एकीच्या हातात मोगऱ्याच्या फुलांचा पुडा. तिघींनी आत डोकावून फोटोकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं आणि मागे वळल्या. जिन्याकडे निघाल्यासुद्धा. सिद्धार्थ दारातच उभा होता. पुडावाल्या बाईंनी त्यालाच विचारलं, "बाळा, आमच्या एक्स्चेंजच्या सोनावणेबाईंचं वरती आहे का?"

"मावशी, वर बारसं आहे. आईचं इथेच आहे."

"इथे?" त्यांनी चष्मा सारखा केला, पुन्हा एकदा त्या फोटोकडे निरखून पाहिलं, आणि अगदी साधेपणानं विचारलं, "मग ही कोण?"

सिद्धार्थ वळला. त्यानं त्या फोटोकडे पाहिलं, पहिल्यांदाच परक्या माणसासारखं पाहिलं असावं. त्याचा हात दाराच्या पांढऱ्या चौकटीवर होता. त्या हाताकडे बघून त्यानं तो हळूच खाली घेतला. मग त्याची नजर हॉलभर फिरली आणि माझ्यावर, माझ्या मांडीवरच्या वर्तमानपत्रावर येऊन थांबली. तो सरळ माझ्याकडे आला.

"तोच आहे ना काका?"

"तोच आहे."

त्यानं स्वतःच्या हातानं कागद काढला. आधीचा फोटो उचलून आतल्या खोलीत ठेवला, त्याचा हार या फोटोला घातला. चेहऱ्यावर आलेली फुलं मी बाजूला केली, कारण डाव्या गालावर त्यांची सावली पडत होती. बाई नेहमीप्रमाणे हसल्या नाहीत. सिद्धार्थ खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मला वाटतं, तो हॉस्पिटलातून आल्यापासून रडला नसावा.

तिन्ही म्हाताऱ्या आता पुढच्या रांगेत येऊन बसल्या होत्या. बऱ्याच दिवसांनी भेटल्या असाव्यात. गुडघे, सुना, पेन्शन, हळू आवाजात सगळं चाललं होतं, आणि कोणाच्या तरी पिशवीत फोन वाजत होता. पुडावाल्या बाईंनी मान वर केली. समोर फोटो होता. त्यांनी झटकन पदर सावरला, पाठ ताठ केली, आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"ए, बंद कर तो. बाई बघतायत."